साडेसातचा उपाध्यक्ष

२ मार्च, सोमवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "अहो, झोपेत बडबडता आणि जागेपणी माणसांवर खेकसता. त्यापेक्षा मनातलं लिहीत जा. पित्त कमी होईल." बायकोचे सल्ले मी सहसा घेत नाही, पण वहीचा पुठ्ठा जाड आहे आणि पुढेमागे आत्मचरित्र लिहायचं झालं तर टिपणं हाताशी असलेली बरी.

तर, मी नगरपालिकेचा उपाध्यक्ष. सलग तिसऱ्यांदा. म्हणजे पंधरा वर्षं स्टेपनीचं चाक होऊन डिकीत पडून आहे. अध्यक्षांची मुदत संपते आहे. वीस एप्रिलला सतरा सदस्य हात वर करून नवा अध्यक्ष निवडतील. नऊ हात लागतात, माझ्या खिशात अकरा आहेत. आता खुर्ची माझी नाही तर कुणाची?

दुसरी बातमी. आपल्या शहरात टीव्हीच्या मालिकेचं चित्रण सुरू होतंय. विषय नगरपालिकेचं राजकारण आणि एका घरातलं भांडण. परवानगीवर सही मीच केली आणि सेटची फीतही मीच कापली, स्वतःच्या कात्रीने. कात्री मी खिशात बाळगतो, कातडी म्यानात. मागे एकदा वाचनालयाच्या उद्घाटनाला बोथट कात्री मिळाली आणि मी फीत दातांनी तोडतोय असा फोटो छापून आला. तेव्हापासून धडा घेतला.

हिने शिवणाचा क्लास लावलाय. दुपारी दोन ते चार. माझी झोपेची वेळ तीच, त्यामुळे अडचण नाही.

९ मार्च, सोमवार

साडेसातला पहिला भाग झाला. सभागृहातले सगळे बघत होते, मला फोनवर फोन.

नायक आहे एक निवृत्त मास्तर. सरळ, अबोल, लोकांच्या पाण्यासाठी झगडणारा. बघताना अंगावर काटा आला. माणूस हुबेहूब मी. फक्त पेशा आमच्या दादाचा घेतलाय (दादा शाळेत गणित शिकवायचा), कारण नायक उपाध्यक्ष दाखवला तर लगेच ओळखू येईल. लेखिका हुशार दिसते.

खलनायक एक उपाध्यक्ष आहे. पोट सुटलेला, गोड बोलणारा, कुणी काम घेऊन आलं की म्हणतो, "बघू. करू. होऊन जाईल." असली माणसं राजकारणात असतात खरी. मी हिला म्हटलं, "हा आपल्या बांधकाम समितीच्या सभापतीवरून घेतलाय." ही चष्मा पुसत म्हणाली, "असेल."

१२ मार्च, गुरुवार

मालिकेत घोटाळा झालाय. खलनायकाने खिशातून कात्री काढली. कातडी म्यानातून.

वेशभूषा बघणाऱ्याने सामानाची अदलाबदल केली, हे उघड आहे. कात्री मास्तरकडे जायला हवी होती. उद्या जाऊन सांगतो, नाहीतर लोकांचा उगाच गैरसमज व्हायचा.

१३ मार्च, शुक्रवार

सेटवर गेलो. जुन्या गोदामात आमचं सभागृह उभं केलंय. आमच्यापेक्षा चांगलं आहे, पंखे फिरतात.

लेखिका म्हणजे चाळिशीच्या आतली बाई, केसात पेन्सिल खोचलेली. मी कात्रीचं समजावून सांगितलं. तिने मान हलवत सगळं ऐकलं. म्हणाली, "सर, तुमचा अनुभव मोठा. तुम्ही बोलत राहा." मी पाऊण तास बोललो. तिकडची कामाची पद्धतही तिने सांगितली: आज लिहायचं, उद्या-परवा चित्रण, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराघरात. आमच्या पालिकेत एवढ्या वेळात पाकीटसुद्धा उघडत नाही.

उपाध्यक्षाचं काम करणारा नट फार नम्र आहे. माझ्याकडे टक लावून बघत होता. मी निघालो तर पाठोपाठ माझ्यासारखाच डावा पाय जरा ओढत फाटकापर्यंत आला. कलावंत माणसं आदर असा दाखवतात. माझा घोटा दुखतो म्हणून मी पाय ओढतो. त्याला काय झालंय, विचारायचं राहिलं.

१९ मार्च, गुरुवार

घोटा सुजलाय. ही हल्ली संध्याकाळी गरम पाण्याचा टब आणून ठेवते, त्यात पाय सोडून लिहीत बसतो. बरं वाटतं. लिहायची सवय लागली हेही खरं.

आज मास्तरचं भाषण ऐकून एक जुनी गोष्ट वर आली. कुणाला सांगितलेली नाही. इथे लिहायला हरकत नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडिलांच्या घराच्या मधोमध भिंत घालून दोन घरं झाली. माझं दार मोठ्या रस्त्यावर, त्याचं मागच्या गल्लीत. दहा वर्षांपूर्वी माझ्या निवडणुकीच्या सभेत तो उभा राहिला आणि माईकवर म्हणाला, "माझा भाऊ आहे म्हणून मत देऊ नका. काम बघून द्या." सख्खा भाऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी निवडून आलो, पण चौदा मतांनी. चौदा.

पुढच्याच महिन्यात पाणी समिती माझ्याकडे आली. मुख्य नळाचा व्हॉल्व्ह मागच्या गल्लीच्या तोंडाशी होता, तो मी काढून माझ्या रस्त्यावर आणला. कारण दिलं 'तांत्रिक'. तेव्हापासून इकडे धो धो पाणी. मागच्या बावीस घरांना पहाटे अर्धा तास, करंगळीएवढी धार. दादाने अर्ज लिहिला, बावीस सह्यांचा, गणिताच्या मास्तरचं अक्षर, ओळी पट्टीने आखल्यासारख्या. तो अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी म्हटलं होतं, बघू. दादाने परत विचारलं नाही. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

वहिनी सत्तरीला आली. सकाळी कळशी घेऊन कोपऱ्यावर जाताना दिसते. मी खिडकी लावून घेतो. वाईट वाटतं. पण त्याने टाळ्या मिळवायला नको होत्या.

२३ मार्च, सोमवार

अचाट प्रकार. आजच्या भागात उपाध्यक्षाने भावाच्या गल्लीचं पाणी तोडलं. व्हॉल्व्ह हलवला, अर्ज ड्रॉवरमध्ये कोंबला आणि वहिनी कळशी घेऊन निघाली तेव्हा खिडकी लावून घेतली. "चौदा. चौदा," असं तो दोनदा म्हणाला.

लेखिकेची कल्पनाशक्ती दांडगी आहे. मी गुरुवारी लिहिलं ते तिला सोमवारपर्यंत आपसूक सुचलं. शहाण्यांचं एकमत म्हणतात ते असं.

ही पडद्याकडे बघत होती, मी हिच्याकडे. म्हटलं, "काय माणूस आहे हा उपाध्यक्ष." ही म्हणाली, "हो ना. सख्ख्या भावाचं पाणी." आणि आत गेली. भिंतीपलीकडून दादाच्या टीव्हीचा आवाज येत होता. तेही हेच बघतात.

२७ मार्च, शुक्रवार

केस कापायला गेलो. केशकर्तनवाल्याला म्हटलं, कानाजवळ जरा सांभाळून. तो म्हणाला, "बघू, करू, होऊन जाईल." दुकानातली पाच माणसं हसली. मीही हसलो, कारण वस्तरा त्याच्या हातात होता.

सभागृहात बांधकाम समितीचा सभापती भेटला. हातात हात घेऊन म्हणाला, "काळजी करू नका, मालिकेला कोण विचारतो." मी काळजी करत नव्हतो, त्याने म्हटल्यावर सुरू केली. अकराचे आठ झालेत. जे तिघे गळले त्यांच्या घरी टीव्ही मोठे आहेत.

आज शेवटची पाटी सरकताना पहिल्यांदा वाचली. नावं भराभर पळतात. 'विशेष साहाय्य' म्हणून कुणीतरी बाई आहे, तिचं आडनाव हिच्या माहेरचं. जगात एका आडनावाची काय कमी माणसं असतात.

३१ मार्च, मंगळवार

चोर सापडला.

मी इथे लिहितो ते तीन-चार दिवसांनी तिथे दिसतं. आधी योगायोग वाटला, पण शुक्रवारी मी केशकर्तनवाल्याचं लिहिलं आणि आज तो वस्तऱ्यासकट पडद्यावर आला. म्हणजे कुणीतरी ही वही वाचतं. माझी बॅग कोण उचलतं? आमचे मोठे कारकून. तीस वर्षं नोकरी, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. अशीच माणसं आतल्या गाठीची.

त्यांची बदली जन्म-मृत्यू नोंदणीत केली. म्हटलं, "तुम्हाला कारण माहीत आहे." ते म्हणाले, "नाही साहेब, पण आभारी आहे." आणि डबा घेऊन हसत गेले.

हिला सांगितलं. ही पोळी लाटायची थांबली. मग म्हणाली, "ते गरीब आहेत हो. त्यांचं काही नाही." बायकांना माणसांची पारख नसते. महिनाभर शिवण शिकते आहे, घरात अजून एक रुमालही आलेला नाही, तिथे माणसं काय पारखणार.

५ एप्रिल, रविवार

कारकून गेले तरी गळती चालूच. बदलीचा प्रसंगही काल दाखवला. म्हणजे त्यांचे हात लांब आहेत.

खिशातले हात सहाच उरले.

आज विचार केला आणि माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. गळती बुजवायची कशाला? चोराच्याच हातून निरोप पाठवायचा. उद्या मी वहीत मुद्दाम खोटं लिहिणार: मी दादाकडे गेलो, पश्चात्ताप झाला, वगैरे. ते गुरुवार-शुक्रवारी पडद्यावर येईल. लोक डोळे पुसतील. वीस तारखेच्या आत उपाध्यक्ष देवमाणूस होईल. जायची गरजच नाही. हा बेत कुणालाही सांगायचा नाही. हिलासुद्धा नाही.

६ एप्रिल, सोमवार

आज माझे मन भरून आले. मी अनवाणी दादाच्या घरी गेलो. त्याच्या पायांवर डोके ठेवले. अश्रूंनी त्याचे पाय भिजले. मी म्हणालो, दादा, मी चुकलो, आजपासून तुझ्या गल्लीत पाण्याचा पाट वाहील. दादाने मला उठवून उराशी धरले. वहिनी पदराने डोळे पुसत होती. अहाहा, तो क्षण!

(पाणी निवत आलं होतं. हिला हाक मारून टबात अजून एक तांब्या ओतून घेतला. ही म्हणाली, "आज बरंच लिहिताय." म्हटलं, "हृदय ओततोय.")

१० एप्रिल, शुक्रवार

शेजारचे चौघे मुद्दाम बोलावले होते बघायला. मीच बोलावले.

साडेसातला उपाध्यक्ष पडद्यावर आला. घरात. खुर्चीत. पाय गरम पाण्याच्या टबात. समोर वही. मोठ्याने वाचत लिहितोय, "मी अनवाणी दादाच्या घरी गेलो. अश्रूंनी त्याचे पाय भिजले." आणि थांबून आत ओरडतो, "अगं, पाणी निवलं, एक तांब्या आण."

शेजारी हसून हसून सोफ्यावरून घसरले. रविवारचा बेतही दाखवला, शब्द न् शब्द, "हिलासुद्धा नाही" इथपर्यंत. तो त्यांना कसा कळला, हे मला कळेना. मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितला नव्हता. फक्त इथे लिहिला होता.

शेजारी गेल्यावर टबाचा विचार करत बसलो. टब आणि तांब्या मी वहीत ओझरते लिहिले होते. पण हाक अशी, 'अगं'सकट, कुठेच लिहिली नव्हती. ते ऐकायला माणूस घरात लागतं. मोठे कारकून घरात नव्हते. तांब्या कुणी आणला होता, हे आठवायला मला बराच वेळ लागला. ही समोर बसून भाजी निवडत होती.

"तू?" मी म्हटलं.

"हो."

"शिवणाचा क्लास?"

"नाही. लेखिकेकडे जाते. तुम्ही झोपलात की वही घेऊन."

"नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस?"

तिने भाजी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "दहा वर्षं मी तोंडाने सांगितलं, दादांचं पाणी सोडा. वहिनींची कंबर गेली, बघा. तुम्ही पेपर वाचत 'हूं' म्हणायचात. आता रोज साडेसातला आवाज मोठा करून बसता. एक शब्द चुकवत नाही. मग मी दुसरं काय करायचं होतं?"

मला चीड आली, ती लिहून ठेवतो. लाज वाटली, तीही लिहितो. कुठली आधी ते नक्की सांगता येत नाही.

"एकदा जाऊन या," ती म्हणाली. "कात्री न घेता."

मी म्हटलं, "बघू."

तिची भुवई वर गेली. पुढचं 'करू, होऊन जाईल' मी गिळलं.

१४ एप्रिल, मंगळवार

मोठ्या कारकुनांना परत बोलावलं. ते म्हणाले, साहेब, इथे बरं आहे, इथे लोक एकदाच येतात.

दादाच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. घोटा दुखला म्हणून परत आलो. घोट्याचं हे खोटं नाही. पण फार दुखत नव्हता.

२० एप्रिल, सोमवार

निवडणूक झाली. बांधकाम समितीचा सभापती पंधरा हातांनी अध्यक्ष झाला. मला दोन हात. एक माझा. दुसरा कुणाचा म्हणून मी कृतज्ञतेने वळून बघितलं, तर मागच्या बाकावरचे आजोबा पंखा वाढवायला सांगत होते. पण मोजणी झाली होती, त्यामुळे नोंद दोनचीच.

माझं उपाध्यक्षपद आणि पाणी समिती महिनाअखेरपर्यंत. मग घर.

वाटलं होतं तेवढं रडू आलं नाही. हिने चहा दिला. वही दहा दिवस टेबलावरच पडून होती, तिने हात लावला नाही. मी विचारलं, "जात नाहीस?" म्हणाली, "तुम्हाला कळलं ना. आता कशाला?"

२३ एप्रिल, गुरुवार

आज मला मालिकेत मारलं.

निवडणूक हरलेला उपाध्यक्ष कात्री खिशात घालून जिना उतरताना पाय घसरून पडला आणि मेला. पुढच्याच प्रसंगात भिंतीवर फोटो. मास्तर फोटोसमोर उभा. ही दचकून उठली, "मी नाही हो काही सांगितलं." खरंच सांगितलं नव्हतं. लेखिकेला फोन केला तर ती म्हणाली, सर, चॅनेलचा निर्णय, पद गेलं की उपाध्यक्षाला कुणी बघत नाही.

स्वतःचा फोटो भिंतीवर बघणं बरं नसतं, नटाचा असला तरी. त्याने माझ्यासारखा भांग पाडला होता.

पाच मिनिटांत दार वाजलं. उघडलं, तर दादा.

दहा वर्षांनी उंबऱ्यात उभा. पाठ वाकली आहे, हे मला खिडकीतून कधी दिसलं नव्हतं. धाप लागली होती. मागच्या गल्लीतून इकडे यायला पूर्ण वळसा पडतो.

"टीव्हीत तुला मारलं," तो म्हणाला.

"हो."

"बरं वाटलं नाही. म्हटलं, बघून यावं."

मी 'चुकलो' म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "चहा घेणार?"

"घरी घेईन. चहापुरतं उरतं संध्याकाळी." टोमणा नव्हता. दादा हिशेब सांगतो तसा सांगतो. "पाणी दे."

ही पेला घेऊन धावली. त्याने पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेला, लहानपणी हक्काने जायचा तसा, आणि नळ सोडला. पाणी आदळून ओट्यावर उडालं. तो बघत उभा राहिला. हात धारेखाली धरला, काढला, पुसला.

"दाब चांगला आहे इकडे," म्हणाला.

त्याने नळ घट्ट बंद केला, वाकून बघितलं, परत पिळला. "वॉशर बदल. ठिबकतोय." मग माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला, थोडा वेळ, आणि गेला. त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेलो. घोट्याचं मला आठवलंसुद्धा नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी कार्यालय उघडायच्या आधी गेलो. ड्रॉवर अडकला होता, कात्री घालून उचकटला. पंधरा वर्षांत तिने केलेलं पहिलं खरं काम. अर्ज तळाशी होता, कडा पिवळ्या, ओळी अजून सरळ. बावीस सह्यांमधली सहा माणसं आता नाहीत.

त्यावरही मी 'तांत्रिक' असा शेरा मारला होता, तो खोडला. खाली लिहिलं: मंजूर, आजच. व्हॉल्व्ह हलवायला प्लंबर दुपारी आला. फीत बांधू का, असं शिपायाने विचारलं. नको म्हटलं. चार वाजता वहिनीच्या नळाला पाणी आलं. मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. कळशी भरून वाहिली तरी ती नळ बंद करेना.

वही टेबलावर उघडी ठेवतो आहे, म्हणजे हिला शोधायला नको. लेखिकेला सांगायचं असेल तर खुशाल सांगावं. पण घेणार नाहीत. त्यात मी कालच मेलो.